साडेतीन तास मागे

रविवार, १ डिसेंबर २०२४

आप्पेपात्रात आज ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले जपानी गोळे, केले. ऑक्टोपस अर्थातच नाही. तो इथं मिळत नाही, आणि मिळाला असता तरी आईनं त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नसता. त्याच्या जागी चीजचा तुकडा, बारीक चिरलेला कोबी, कांद्याची पात, थोडं आलं. अंड्यालाही या पात्रात मज्जाव, म्हणून पिठात दही. कोंबूची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री पानाची शेवटची पट्टी रात्रभर पाण्यात घालून ठेवली होती. त्या पाण्यातच पीठ कालवलं. मासळी टाळून जपानी चव आणायची तर हा हमखास मार्ग.

खरी गंमत उलटण्यात. आप्पे करताना आपण वाटीपुरतं पीठ घालतो, एकदा उलटतो, संपलं. ताकोयाकीत पीठ काठावरून वाहू द्यायचं, सगळं पात्र एकसलग भरायचं. कडा धरू लागल्या की सळीनं रेघा ओढून प्रत्येकाचा वाटा तोडायचा, बाहेर सांडलेलं आत ढकलायचं आणि गोळा पाव वळसा फिरवायचा. आतलं ओलं पीठ खाली उतरतं, तिथं नवी कड धरते. पुन्हा पाव वळसा. असं करत अर्ध्या वाटीतून अख्खा चेंडू निघतो. मी लोकर विणायची सुई घेऊन बसले होते. आई म्हणाली, "आप्पे उलटायला एवढं कशाला नाचायला पाहिजे?"

ओसाकात हा प्रकार १९३५ च्या सुमारास सुरू झाला. आमच्या गल्लीत आप्प्यांना तीन भाषांत तीन नावं आहेत, त्यामुळे चौथ्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. शेजारच्या तेलुगू काकूंकडे एक ताटली गेली. सॉस नव्हता, वरून शेंगाचटणी भुरभुरली होती. चिरंजीव म्हणाले, "ओसाकात असे नाही मिळत." आई म्हणाली, "मग त्यांचं नुकसान."

गुरुवार, ५ डिसेंबर

खुर्ची जुळे सोलापुरात आणि ऑफिस टोकियोत, असं माझं चाललंय. तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच. सोलापूर साडेतीन तास मागे. दूधवाला येतो तोवर माझी पहिली मीटिंग संपलेली असते.

साडेआठला तिकडे जेवणाची सुट्टी होते. आज एका सहकाऱ्याचा माईक चालू राहिला आणि ओनिगिरीचं वेष्टण उघडल्याचा आवाज कानावर आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावर असणाऱ्या सेव्हन इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टमधला हा तिकोनी भात. वेष्टणावर १, २, ३ असे आकडे छापलेले. मधली पट्टी खाली ओढायची, मग एक कोपरा, मग दुसरा. भात आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पदर असतो, तो दोन्ही बाजूंनी सरकून निघून येतो आणि शेवटच्या क्षणी कोरडी नोरी भाताला चिकटते. म्हणून ती दाताखाली कुरकुरते. केवढी ती अक्कल एका भाताच्या घासासाठी खर्च केली आहे! आणि दुकान चोवीस तास उघडं.

यंदा ऑगस्टमध्ये जपानी दुकानांच्या फळ्यांवरून तांदूळच गायब झाला होता. नंतर आला, पण भाव चढवून. त्यामुळे ओनिगिरी महागली, ही आजची ऑफिसातली मुख्य तक्रार.

दुपारी मी इंद्रायणीच्या भाताच्या ओनिगिरी वळल्या. आपल्याकडच्या तांदळात हा चिकट आहे, धरून राहतो. हात मिठाच्या पाण्यानं ओले करायचे, दाबायचं पण चेपायचं नाही. पोटात उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाऐवजी शेंगाचटणी. ती मात्र खलातली हवी. मिक्सरमधली कोरडी पूड होते. दणके बसले की शेंगदाणा तेल सोडतो, तिखट-लसूण त्यात मुरतं आणि चटणीचे चपटे खडे पडतात. ते भातात भरले की तेल आतल्या आत पसरतं आणि एक केशरी कडा उमटते. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, आईचा उपास. तिनं हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "भात वळून खायचा होता तर मुटके म्हणायचं की सरळ."

सोमवार, ९ डिसेंबर

भैय्या चौकात काम होतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आज पुण्यतिथी. त्यांच्या राहत्या घराच्या जागी स्मारक आहे, तिथं थोडा वेळ थांबले.

१९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि आमचे कोटणीस. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं, त्यातल्या जखमींवर उपचार करायला हे लोक गेले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथली भाषा शिकले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. माझ्या शहरातल्या एवढ्या मोठ्या माणसाची जपानशी गाठ पडली ती अशी.

टोकियोत शेजारच्या आजींनी एकदा विचारलं होतं, तुमच्या गावातलं नावाजलेलं माणूस कोण? मी कोटणीसांबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे एक काका त्याच आघाडीवर शिपाई होते, एवढं सांगितलं. मग पेन आणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात नाव लिहून घेतलं, को-तो-नि-सु.

मला आठवतो तो जपान दुकानांचा, गाण्यांचा, मोसमी खाऊचा. कोटणीसांना दिसला तो निराळा. दोन्ही खरे. या वहीत फक्त पहिलाच लिहीत गेले तर तिचं पर्यटन खात्याचं पत्रक व्हायचं.

बुधवार, ११ डिसेंबर

मोक्षदा एकादशी. रताळी आली. आई उकडून तुपा-गुळात परतते. मी काही बाजूला काढली आणि जाड कढईत खडे पसरून, झाकण ठेवून, मंद आचेवर तासभर भाजली. याकीइमोची, म्हणजे जपानी भाजक्या रताळ्याची, हीच रीत. आच मोठी ठेवली की पिष्टाची साखर व्हायला वेळच मिळत नाही, रताळं नुसतं शिजतं. दमानं भाजलं की साल सुटतं आणि सालाखाली काकवी दाटते.

टोकियोत थंडीच्या दिवसांत याकीइमोचा छोटा टेम्पो फिरायचा. लाऊडस्पीकरवर एक लांबलचक, जवळजवळ रडवा सूर. मागच्या गल्लीतून आवाज आला की पायात चप्पल अडकवून धावायचं, कारण टेम्पो थांबत नाही.

त्या शहराचा अर्धा कारभार सुरांवर चालतो. फॅमिलीमार्टचं दार उघडलं की वाजणारी धून मुळात दारावरच्या घंटीसाठी १९७८ मध्ये यासुशी इनादा यांनी केलेली. आज ती देशभर पाठ आहे. ताकादानोबाबा स्टेशनवर गाडी सुटताना ॲस्ट्रोबॉयचं गाणं वाजतं. आणि संध्याकाळी कितीतरी वस्त्यांमध्ये खांबावरच्या कर्ण्यांतून 'युयाके कोयाके' हे बालगीत ऐकू येतं. चाल १९२३ ची. भूकंपाच्या वेळी सूचना देणारे कर्णे चालू आहेत ना, याची ती रोजची तपासणी. पोरांच्या लेखी मात्र अर्थ एकच: खेळ बंद, घरी चला.

हे सांगितल्यावर बाबा हसले. "आमच्याकडं भोंगा होता की." सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, आणि पुढं शंभर वर्षं हे शहर गिरण्यांच्या भोंग्यावर उठलं, जेवलं, निजलं. भोंग्यावर घड्याळं लावायची, पोरांना शाळेत पिटाळायचं, भाकरी थापायला घ्यायची. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली तेव्हा पहिले काही दिवस माणसं उगाच लवकर जागी व्हायची आणि भोंग्याची वाट बघत पडून राहायची, असं बाबा सांगतात. आता गल्लीत सूर आहे तो घंटागाडीचा. चिरंजीवांना तो तोंडपाठ आहे.

रविवार, १५ डिसेंबर

जपानी करी. आईनं पळीनं ढवळून विचारलं, "ह्याला आमटी म्हणायचं का पिठलं?"

प्रश्न रास्त होता. मेइजी काळात इंग्रजांकडून करी पावडर जपानला पोचली, तीही मैद्यात दाटवलेल्या रश्शाच्या रूपात. त्यात बटाटा, गाजर, कांदा पडला, शेजारी चिकट भात आला आणि पदार्थ त्यांचा झाला. तिथलं नौदल आजही दर शुक्रवारी करी-भात जेवतं. घराघरांत मिळतात त्या मसाल्याच्या चॉकलेटसारख्या वड्या; सफरचंद आणि मधवाली व्हरमाँट करी १९६३ पासून आहे. शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात मात्र १९२७ पासून वेगळी, हिंदुस्थानी करी मिळते. ब्रिटिशांपासून लपत जपानला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस त्या घरचे जावई झाले आणि त्यांनी ती शिकवली.

वड्यांच्या खोक्यावर बहुधा जनावराची चरबी लिहिलेली असते. टोकियोतल्या निशिकासाईत राहणाऱ्या आम्हा भारतीयांची निम्मी चित्रलिपी असली खोकी वाचून पक्की झाली. २००० सालच्या कॉम्प्युटर-तारखांच्या गोंधळाच्या वेळी भारतीय इंजिनिअर तिथं मोठ्या संख्येनं आले. तोझाई मार्गावरून ओतेमाचीची ऑफिसं थेट गाठता येतात, म्हणून तिथंच राहिले. निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, तेव्हा इमारतीतल्या मराठी घरांत पेढे वाटले गेले. तोझाईचं कौतुक इथंच थांबवते. गर्दीच्या वेळी किबा ते मोन्झेननाकाचो या टप्प्यात डबे क्षमतेच्या १९९ टक्के भरायचे. माझी छत्री एकदा माझ्या आधी उतरली होती.

आज वड्या नव्हत्या. आईच्या डब्यातलं येसर घेतलं. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळीत सोडलं की रस्सा आपोआप दाटतो. त्यात बटाटा-गाजर आणि किसलेलं सफरचंद. आईनं सफरचंदाकडे पाहून मान फिरवली. जेवताना मात्र, "गोडूस लागतंय, पण वाईट नाही." आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

चिरंजीवांची जपानी पातळ होत चाललीय. तिथल्या पाळणाघरात जो पोरगा मराठीत रडायचा आणि जपानीत भांडायचा, त्याला आज आठवड्याचे वार सांगताना गुरुवार आठवला नाही. पण अंघोळ करताना ताइयाकीचं गाणं अथपासून इतिपर्यंत म्हटलं.

ताइयाकी म्हणजे माशाच्या आकाराचा, आत लाल चवळीचं गोड पुरण भरलेला खाऊ. रोज लोखंडी साच्यात भाजून घ्यायला कंटाळलेला असा एक मासा दुकानदाराशी भांडतो आणि समुद्रात पळून जातो, अशी त्या गाण्याची गोष्ट. शेवटी गळाला लागतो आणि पकडणारा माणूस त्याला खाऊन टाकतो. लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमासाठी केलेलं हे गाणं १९७५ च्या नाताळात बाजारात आलं आणि ४५ लाखांहून जास्त तबकड्या खपल्या. जपानमध्ये एकट्या गाण्याचा हा विक्रम आजही मोडलेला नाही. गायक मासातो शिमोन यांना तेव्हा ठोक ५० हजार येन मिळाले होते. रोजच्या नोकरीला वैतागलेले बाबालोकच ते पोरांच्या नावावर विकत घ्यायचे, असं तिथले लोक हसत सांगतात.

माझंही बालपण जपानपासून सुटलेलं नाही. दूरदर्शनवर १९९३ च्या सुमारास मोगलीची मालिका लागायची. चड्डी घातलेल्या फुलाचं ते गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, आणि चित्रं जपानची. निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये काढलेली. रविवारी सकाळी टीव्हीपुढे मांडी घालून बसलेल्या आम्हा पोरांना याचा पत्ता नव्हता.

मंगळवार, २४ डिसेंबर

आजच्या रात्री टोकियोत कोंबडीसाठी रांगा लागल्या असतील. केएफसीनं १९७४ मध्ये नाताळाला तळलेल्या कोंबडीची जाहिरात केली, आणि ख्रिस्ती लोक मूठभर असलेल्या देशात ती परंपरा होऊन बसली. सोबत पांढऱ्या क्रीमचा, वर स्ट्रॉबेरी ठेवलेला केक. २५ तारखेच्या रात्री उरलेल्या केकवर सवलतीचे स्टिकर चिकटतात, आणि आम्ही घ्यायचो ते तेव्हाच.

दुकानादुकानांत महिनाभर तात्सुरो यामाशिताचं 'ख्रिसमस ईव्ह' वाजत असतं. गाणं १९८३ चं, पण रेल्वेच्या जाहिरातीत झळकल्यावर १९८९ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यांची पत्नी मारिया ताकेउची, 'प्लास्टिक लव्ह'वाली. नवऱ्याची तबकडी चाळीस वर्षं दुकानात, बायकोचं गाणं चाळीस वर्षांनी पोरासोरांच्या मोबाईलवर.

हे लिहायचं कारण शेजारच्या काकूंची नात. अकरावीत आहे, घरात तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि कानात मिकी मात्सुबारा! 'मायोनाका नो डोआ' १९७९ चं गाणं, गायिका २००४ मध्येच गेली, आणि २०२० मध्ये ते जगभर पुन्हा पसरलं. पोरगी म्हणाली, "काकू, अर्थ सांगा ना." सांगितला. तुटलेल्या प्रेमाची गोष्ट आहे, दोघं वेगळी झालीत आणि ती अजून तिथंच अडकलीय. तिचं तोंड पडलं. "मला वाटलं कुठंतरी फिरायला निघालेत." आम्ही दोघींनी मग ते पुन्हा एकदा ऐकलं, तिच्या अर्थानं.

सोमवार, ३० डिसेंबर

वेळ अमावस्या. अक्कलकोट तालुक्यात मामाच्या शेतावर. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. कडब्याची कोप, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड, पूजा, पिकाभोवती आंबील शिंपडत फेरा. मग पंगत. भज्जीत ओला हरभरा, तूर, वाल, पावटा, चुका, मेथी, शेंगदाणे, आणि रानात त्या दिवशी जे ओलं दिसेल ते सगळं. त्यावर उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गार आंबील. लाह्या-ताकाच्या कुठल्याही शहरी पेयानं तिच्या वाटेला जाऊ नये.

जेवल्यावर मामेभावानं ट्रॅक्टरवरचा स्पीकर सुरू केला. 'झिंगाट'. नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातले, करमाळ्याकडचे. 'सैराट'चं चित्रीकरणही तिकडचंच. अजय-अतुलनी त्यातलं वाद्यवृंदाचं संगीत थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलं. टोकियोतल्या मराठी मंडळींच्या गणपतीतही शेवटचं गाणं हेच असायचं आणि सभागृहाचा व्यवस्थापक घड्याळ दाखवत उभा असायचा. इथं घड्याळ दाखवायला कुणी नव्हतं. बैलसुद्धा सरावलेले.

दिवसभर जपानची आठवण आली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

आज भरपाई झाली. वर्षअखेरीच्या रात्री जपानी घरांत सोबा ही नूडल खातात. लांब म्हणून दीर्घायुष्य, आणि चटकन तुटते म्हणून सरत्या वर्षाची पीडा तुटो. आमच्याकडे आईच्या हातच्या शेवया. लांबीला त्या हरत नाहीत.

'कोहाकु' हा एनएचकेचा गाण्यांचा सामना १९५१ मध्ये रेडिओवर सुरू झाला. यंदा पंचाहत्तरावा. लाल संघात गायिका, पांढऱ्यात गायक. आजी-आजोबांचं एन्का आणि नातवंडांचं रॅप एकाच रात्री, म्हणून सगळं घर कोतात्सूत, म्हणजे दुलई घातलेल्या गरम टेबलाखाली, पाय घालून एकत्र बघतं. आमच्या घड्याळात तो दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना सुरू होतो, म्हणजे ऐन चहाच्या वेळी. निशिकासाईच्या मैत्रिणीनं मोबाईल टीव्हीसमोर धरून ठेवला. बीझ ही जोडी पहिल्यांदाच कोहाकुला आली. मैत्रीण आरामात बसून गाणं सांगत असताना अचानक उठून ओरडू लागली, आणि मोबाईल छताकडे गेला. पुढची दोन गाणी आम्ही तिचा पंखा बघत ऐकली.

बाबांना त्या देशाचं एकच गाणं माहीत आहे, क्यू साकामोतोचं. १९६१ चं. १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तिथं त्याला 'सुकियाकी' हे एका मांसाच्या रश्श्याचं नाव चिकटवलं होतं. गाण्यात खाण्याचा उल्लेख नाही; डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं ते आहे. १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात साकामोतो गेला, हे बाबांना आज कळलं. साडेआठला तिकडच्या देवळात एकशे आठ घंटानाद सुरू झाले. मैत्रिणीचं वर्ष बदललं. आमचं अजून साडेतीन तास जुनंच.

सोमवार, १३ जानेवारी २०२५

भोगी. मंडईत भोगीच्या भाजीचे वाटे लावलेले: वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, ओल्या शेंगा, बोरं, उसाची कांडकी. जपानी सुपरमार्केटमध्ये ७ जानेवारीला असाच सात पालेभाज्यांचा तयार संच मिळतो, तांदळाच्या पेजेत घालायला. सणासुदीच्या जेवणानंतर पोटाला विसावा म्हणून ती पेज. आपली भोगी उलट वाटेची. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. विसाव्याचा प्रश्नच नाही. भाजीवाल्यानं विचारलं, "काय बघायलालाव ताई, घ्या की ओ." मी वाट्यातल्या भाज्या मोजत होते. सातच्या वर भरल्या.

बुधवार, १५ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही. पाळणे, मौत का कुआँ, भज्यांच्या कढया, आणि प्रत्येक दुकानाचा वेगळा स्पीकर. एका फॅन्सी स्टॉलवर आईनं भाचीसाठी मागितलं, "लव इन टोकियो द्या." दोन मणीवाला रबर. १९६६ च्या सिनेमात आशा पारेखच्या केसांत होता, तेव्हापासून हेच नाव. आई शाळेत असताना तिच्या दोन्ही वेण्यांना होता. म्हणजे टोकियोला घरातून सगळ्यांत आधी ओळखणारी तीच.

रात्री शोभेचं दारूकाम. एदोगावाच्या नदीकाठी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असतं, ते सुरुवातीच्या पाच सेकंदांत हजार बाण सोडतं आणि लोक एकसुरात दाद देतात. इथं दाद शिट्ट्यांची, आणि पोरं बापाच्या खांद्यावर. चिरंजीव आता खांद्यावर बसण्याच्या वयाचे नाहीत. तरी एकदा विचारून बघितलं त्यांनी.

शनिवार, २५ जानेवारी

हुरडा. मोहोळकडे ओळखीच्यांच्या रानात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, हिरवेपणा जाऊन वास सुटला की काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची. भुसा फुंकून उडवायचा, दाणे मुठीत. शेंगाचटणी, गूळ, दही. बोलायला कुणी रिकामं नसतं.

जपानच्या आठवणीत मी नेमकं काय धरून बसलेय, ते मला इथं उमगलं. मुदत. तिथं वसंतात साकुराच्या चवीचा खाऊ येतो, शरदात रताळ्याचा, चेस्टनटचा. पाकिटावर ठळक छापतात, अमुक काळापुरताच. कारखान्यात बारमाही बनवता येईल ते मुद्दाम बंद करतात. त्यामुळे दर महिन्याला काहीतरी येणार आणि जाणार याची चुटपुट असते. ती मला आवडायची. मी आईला हे समजावत होते, तर ती कणीस चोळता चोळता म्हणाली, "हुरडा पुढच्या महिन्यात माग, ज्वारी मिळेल." छापायचीही गरज नाही.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. ती मार्चमध्ये येतेय, महिनाभर सोलापुरात. माझी यादी तिला आधीच गेलेली: कोंबू, करीच्या वड्या (खोकं नीट वाचून), फुरिकाके, आणि साकुराच्या चवीचं जे काही तेव्हा मिळेल ते. आता तिची यादी आली. शेंगाचटणी, खलातली. कडक भाकरी, कारण त्या महिनोन्महिने टिकतात. येसर. काळा मसाला. टेरी टॉवेल, पोराच्या शाळेतल्या शिक्षकांना द्यायला. चादर, एक नव्हे, सासूबाईंना पण. आणि शेवटी: हुरडा मिळेल का?

आईनं ते शेवटचं वाचलं आणि फोन हातातून घेतला. पुढचा पाऊण तास दोघी बोलत होत्या. निष्कर्ष असा निघाला की पुढच्या वर्षी तिनं जानेवारीतच यावं, आणि यंदा आईच्या पाककृतीनं तिला आप्पेपात्रातले ताकोयाकी मिळतील. आई "माझ्या" म्हणाली. मी मध्ये बोलले नाही.